सुई फिरवण्याआधी

गेल्या रविवारी माळावर माझ्या भाच्याचं मॉडेल विमान तिसऱ्यांदा हवेत बंद पडलं. जमिनीवर इंजिन झकास चालायचं. नाक वर करून चढायला लागलं की आवाज चिरका व्हायचा आणि पंखा थांबायचा. या खेपेला ते कडेला बसलेल्या पोरांपासून दहा पावलांवर आदळलं. भाचा म्हणाला, "मामू, सुई अजून थोडी उघडतो." मी म्हटलं, "सुईला हात लावू नकोस. आधी टाकी काढ."

सुई फिरवणं हा आपला आवडता उपाय, कारण ती बाहेर असते आणि बोटांनी फिरते. तिने आवाज तेवढ्यापुरता सुधारतो आणि खरा दोष झाकला जातो, म्हणूनच हा उपाय मला धोक्याचा वाटतो.

या छोट्या ग्लो इंजिनाला सहसा पंप नसतो. मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन यांचं मिश्रण कार्बुरेटर स्वतःच ओढून घेतो. सायलेन्सरमधून टाकीत नेलेला दाब त्याला मदत करतो. त्यामुळे नळीला टाचणीएवढं भोक पडलं तरी इंधनाऐवजी हवा ओढली जाते. वंगणाचं तेल इंधनातूनच येत असल्याने इंधन कमी पडलं की इंजिन तापतं आणि झिजतंही.

टाकी उघडली. आतल्या सिलिकॉनच्या नळीला बुचाजवळ बारीक चीर होती. टाकी भरलेली आणि विमान आडवं असताना चीर इंधनात बुडालेली असे; नाक वर झालं की इंधन मागे सरके आणि चीर उघडी पडे. सुईचा काहीच दोष नव्हता.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. बाहेरच्या नळीत बुडबुडे दिसतात का, गाळणी तुंबली आहे का, दाबाची नळी निसटली आहे का, टाकीभोवती स्पंज आहे का, हे आधी बघा. नळी पाण्यात बुडवा, एक टोक दाबून धरा आणि दुसऱ्या टोकातून सिरिंजने हवा सोडा. तोंडाने फुंकू नका, मिथेनॉल विषारी असतं. सुई सगळ्यांत शेवटी.

नवी नळी अगदी किरकोळ किमतीत मिळाली. दुरुस्ती म्हणजे लक्षण गप्प करणं नव्हे, हे भाच्याला पटलं असावं. परवा सुईकडे गेलेला हात त्याने स्वतःच मागे घेतला.