गुंज, मासा आणि म्हण

म्हणींचा तौलनिक अभ्यास करणाऱ्याने ग्रंथालय सोडून जबलपूरच्या सराफ्यात काही काळ बसावे, ही सूचना कित्येकांस विक्षिप्त वाटेल. परंतु तिला आधार आहे.

पश्चिम आफ्रिकेतील अकान समाजात, म्हणजे आजच्या घाना व आयव्हरी कोस्टच्या प्रदेशात, सोन्याची पूड हेच चलन होते. ती तोलण्यासाठी मेणाच्या साच्यातून ओतलेली पितळी वजने वापरीत. त्या मानपद्धतीच्या तळाशी होती ती आपलीच लाल-काळी गुंज. इकडे आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. एकच बी दोन खंडांत सोने तोलीत होते!

साम्य मात्र येथेच थांबते. अकान कारागिराने मागे वळून पाहणारा पक्षी घडविला. विसरलेले परत जाऊन आणण्यात गैर नाही, ही म्हण त्यात आहे. एकाच पोटाच्या दोन मगरी घडविल्या; पोट एक असूनही त्या घासासाठी भांडतात. तेथे म्हण वजनात ओतली गेली. मराठीत वजनच म्हणीत उतरले: ‘शेरास सव्वाशेर’, ‘पासंगालाही न पुरणे’. पासंग म्हणजे तराजूचा कल झाकण्यासाठी हलक्या पारड्याला लावलेले वजन, हे ठाऊक नसलेला वाचक त्या वाक्प्रचारातील तुच्छता अर्धीच जाणतो.

जबलपूर १७९८ ते १८१७ या काळात नागपूरकर भोसल्यांकडे होते. तेथील मराठी माणसाच्या कानी हिंदीही तितकीच पडते. हिंदीतला ‘पल में तोला, पल में माशा’ हा चंचल वृत्तीचा शेरा. मराठीतील ‘तोळामासा’ मात्र नाजूक प्रकृतीला लागतो. वजने तीच, एका भाषेने मन तोलले, दुसरीने शरीर. कोशकार दोन्हींपुढे निव्वळ अर्थ देऊन मोकळा होतो. हा भेद कसा पडला, हा प्रश्न कोशाच्या पानावर उपस्थितच होत नाही.

१९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली. सुमारे ११.६६ ग्रॅमचा तोळा बाजारात आता दहा ग्रॅमचा झाला आहे. शब्द टिकला, वजन घटले. अकान वजने युरोपातील संग्रहालयांत आकारांनुसार मांडली गेली, म्हणी बोलणाऱ्यांपाशी राहिल्या. आपले म्हणीसंग्रहही वर्णानुक्रमे लावलेले असतात. त्यांत ना ताजवा दिसतो, ना गुंज. सराफ्यातील जुन्या पेढ्यांवर रत्ती-माशाचा हिशेब तोंडी करणारी माणसे आहेत, तोवरच ही नोंद करता येईल. विद्यापीठीय विभागांनी ते काम भाषाशास्त्रज्ञांवर ढकलू नये.