आजीचा फोटो हिरवा का पडतो?

आपल्याकडे कोणत्याही घरात जा, बैठकीच्या भिंतीवर एखादा तरी कृष्णधवल फोटो असतोच. आजेसासरे, सासूबाई, नाहीतर तरुणपणी गेलेला दीर. पुष्कळदा त्या माणसाचा तेवढाच एक फोटो घरात असतो. जुन्या बायकांचे फोटो तर त्याहून कमी. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली आजी, तेवढीच तिची खूण. वर्षश्राद्ध किंवा लग्नकार्य आलं की तोच चेहरा स्टुडिओत नेऊन स्कॅन करतात, मोठा करून छापून घेतात.

दुकानात आपण फ्रेम निवडायला अर्धा तास लावतो. सोनेरी काठ घ्यायचा की चॉकलेटी? हार मोत्यांचा की चंदनाचा? पण फोटो कोणत्या शाईत छापणार, हे विचारणारी बाई मला तरी अजून भेटलेली नाही. मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे, की पहिला प्रश्न शाईचा विचारा.

बचत गटाच्या कामामुळे दारव्हा आणि आजूबाजूच्या खेड्यांत माझं घरोघरी जाणं होतं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांची घरं किती, हे मी वेगळं सांगायला नको. अशा घरात पासपोर्ट फोटोवरून मोठा केलेला फोटो लावलेला असतो. एका घरी दोन पावसाळ्यांतच त्या फोटोतला चेहरा हिरवट पडला होता. ती बाई म्हणाली, "बाई, माणूस तं गेलाच, आता फोटोबी चालला." यावर काय बोलणार?

हे होतं कशामुळे? जुना कृष्णधवल फोटो चांदीच्या बारीक कणांनी बनलेला असतो. म्हणून नीट धुतलेला फोटो पन्नास-साठ वर्षंही टिकतो. आताच्या इंकजेट प्रिंटरची गोष्ट निराळी. त्यात मुख्यतः दोन जातींच्या शाया असतात. एक 'डाय', म्हणजे पाण्यात साखरेसारखा विरघळलेला रंग. दुसरी 'पिगमेंट', म्हणजे रंगाचे अगदी बारीक, न विरघळणारे कण. डाय शाई स्वस्त आणि दिसायला चकचकीत. पण ऊन, ओल आणि हवा लागून लवकर उडते. पिगमेंट तिच्या मानाने पुष्कळ टिकते.

शिवाय अनेक साध्या प्रिंटरांत चकचकीत फोटोपेपरवर राखाडी छटा निळा, गुलाबी आणि पिवळा रंग मिसळून तयार होतात. हे तिन्ही सारख्या वेगाने उडत नाहीत. गुलाबी आधी उडाला तर चेहरा हिरवा दिसतो, निळा आधी उडाला तर तांबूस. रंगीत फोटोत एवढा फरक चटकन कळत नाही. कृष्णधवल फोटोत मात्र लगेच डोळ्यांत भरतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चांगला दिसणारा फोटो घरी अंगणात आणल्यावर वेगळाच वाटतो, त्यालाही बहुधा ही मिसळच कारणीभूत असते.

काळा रंग टिकतो कशाने, हे खरं तर आपल्याला माहीत आहे. दिव्यावर ताटली पालथी घालून आपल्या आया-आज्या काजळ धरायच्या. तीच काजळी डिंकात घोटून पूर्वी शाई करत. मोडीतले जुने कागद आजही वाचता येतात, त्यात या शाईचा मोठा वाटा आहे. अजिंठ्याच्या चित्रांतला काळाही काजळीचाच. आपली शकुंतला 1994 पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावायची. दारव्हा मोतीबागला उतरलेल्या बाईच्या लुगड्यावरची काजळी किती धुतली तरी जात नसे! चांगल्या पिगमेंट काळ्या शाईत असाच कार्बन असतो. 2005 साली एप्सनने गडद काळा, फिका काळा आणि त्याहून फिका अशा तीन छटा एकत्र वापरणारे प्रिंटर आणले. आता इतर कंपन्यांचेही असे प्रिंटर मिळतात. त्यांत राखाडी छटा मुख्यतः काळ्या शायांतूनच येतात, त्यामुळे रंगाची झाक कमी पडते.

तेव्हा दुकानात सरळ विचारा: शाई डाय की पिगमेंट? प्रिंटरमध्ये राखाडी शाई वेगळी आहे का? बाटली कंपनीचीच आहे की भरून आणलेली? कागद कोणता? चकचकीत कागदाला 'फोटो ब्लॅक' लागते, मॅट कागदाला 'मॅट ब्लॅक'. त्यात अदलाबदल झाली तर काळा फिका तरी येतो, नाहीतर बोटाला लागतो.

कोणी म्हणेल, गावात असा प्रिंटर कुठला, आणि पैसे जास्त पडतील त्याचं काय? बरोबर आहे. छोट्या स्टुडिओवाल्याचंही पोट त्याच धंद्यावर आहे, त्याच्याशी भांडू नका. पण फाइल दुसऱ्या शहरात पाठवून तिथे छापून मागवता येते. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा बारकावा जातो. खर्च जास्त होईल हे खरं. पण दर दोन-तीन वर्षांनी तोच फोटो पुन्हा छापायचा म्हटलं तर स्वस्त कोणता पडला? मी तर म्हणेन, सोनेरी फ्रेम साधी घ्या आणि ते पैसे शाईला लावा.

आणखी एक. नवा फोटो आला म्हणून जुना टाकून देऊ नका. तो चुरगळलेला, डाग पडलेला असला तरी अस्सल तोच. कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा. स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या, आणि तिची एक प्रत मुलीकडेही ठेवा. भिंतीवरच्या फोटोवर थेट ऊन येऊ देऊ नका, ओल येणाऱ्या भिंतीवर तो लावू नका, आणि काच फोटोला चिकटणार नाही अशी फ्रेम करून घ्या.

साडीचा रंग जाईल का, हे दुकानदाराला तीनदा विचारून घेणाऱ्या आपण बायका. मग ज्या आजीचा एकच फोटो उरला आहे, तिच्यासाठी एकदा विचारायला काय हरकत आहे?