शुक्रही पृथ्वीएवढाच

दूरच्या एखाद्या ताऱ्याजवळ कोणी खगोलशास्त्रज्ञ असतील आणि त्यांनी आपली सूर्यमाला न्याहाळली, तर शुक्र आणि पृथ्वी त्यांना जुळी भावंडे वाटतील. आकार जवळपास तोच, वस्तुमानही फार वेगळे नाही. प्रत्यक्षात शुक्रावर शिसे वितळेल एवढी उष्णता आहे. ‘पृथ्वीसारखा ग्रह सापडला’ अशी बातमी आली की आम्हाला आधी हा शुक्र आठवतो.

ऑक्टोबर १९९५मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह जाहीर केला. आज माहीत असलेल्या परग्रहांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली आहे. बहुतेक सापडले ते सावलीवरून. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो आणि ताऱ्याचा प्रकाश किंचित उतरतो. सूर्यासमोरून पृथ्वी गेली, तर ही घट दहा हजारांत जेमतेम एक भाग. त्यावरून ग्रह केवढा ते समजते, पण खडकाचा की वायूचा ते समजत नाही. त्यासाठी ताऱ्याचे डोलणे मोजून ग्रहाचे वस्तुमान काढावे लागते. दोन्ही आकडे हाती आले की घनता निघते. हवापाण्याचा प्रश्न तरीही उरतोच.

एकाच कपाटातली पुस्तके वाचणाऱ्यालाही जग असेच अर्धे कळते, असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणून या दिवाळीत परग्रहांविषयी वाचायचे असेल, तर फक्त विज्ञानाची पुस्तके घेऊन बसू नका.

प्रॉक्झिमा हा सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा. त्याचा एक ग्रह अकरा दिवसांत प्रदक्षिणा पुरी करतो आणि बहुधा त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. तिथे चैत्रपालवी नाही, आषाढसरी नाहीत. हे कळल्यावर दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ पुन्हा उघडा. त्यातला प्रत्येक महिना आपल्याला लाभला, तो पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून.

ताऱ्यापासून ज्या अंतरावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, त्या पट्ट्याला शास्त्रज्ञ वसतियोग्य म्हणतात. राहू शकणे आणि राहणे यांतले अंतर किती जीवघेणे असते, ते व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त वाचावे. दुष्काळ पडतो, मेंढरे जगवण्यासाठी माणसे बाहेर पडतात आणि अख्खी वाडी ओस पडते. या वाडीचा माणदेश पृथ्वीवरच आहे.

स्तानिस्लाव लेम या पोलिश लेखकाची ‘सोलारिस’ ही कादंबरी १९६१ची. ग्रहभर पसरलेला एक समुद्र आणि पिढ्यान् पिढ्या त्याचा अभ्यास करूनही त्याला न समजू शकलेली माणसे. परग्रहवासीयांना आपल्यासारखेच हात-पाय आणि आपलेच रागलोभ देणाऱ्या डझनभर कादंबऱ्यांपेक्षा हे एक पुस्तक आम्हाला मोलाचे वाटते.

आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. २०२५च्या मे महिन्यात ते गेले. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली; निकाल कथेवर लागावा, नावावर नको, म्हणून. तिला पहिले बक्षीस मिळाले. घरातल्या मुलांच्या हाती त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह द्या.

युरोपीय अवकाश संस्थेची ‘प्लेटो’ ही दुर्बीण सूर्यासारख्या ताऱ्यांभोवतीच्या पृथ्वीएवढ्या ग्रहांच्या शोधासाठीच बांधलेली आहे. वर्षातून एकदाच ताऱ्यासमोरून जाणाऱ्या ग्रहाची खात्री पटायला तो निदान तीनदा दिसावा लागतो. म्हणजे ती उडाल्यावरही उत्तराला काही वर्षे लागणार. तोवर वरची सगळी पुस्तके आरामात वाचून होतील.