पडद्यावर आपली ड्यूटी कुठे आहे?

सिनेमा पाहायचा म्हणजे पूर्वी थेटरात जावे लागे. आठवड्याची सुटी, खिशातला पगार आणि घरच्यांची सवड या तिन्हींचा मेळ बसला तर सिनेमा. नाहीतर पोस्टर पाहून समाधान. आता तसे राहिलेले नाही. रात्रपाळी करून आलेला पॉइंट्समन सकाळी जेवणाचे ताट पुढ्यात घेऊन घरच्या टी.व्ही.वर किंवा मोबाइलवर मालिकेचा एक भाग पाहतो आणि मग झोपतो. सॉर्टिंगची रात्र काढून आलेला आमचा टपाल खात्यातला भाऊही तेच करतो. करमणूक घरात आली आहे. ती कामगाराने पाहू नये, असे म्हणणारा मी नव्हे. मीही पाहतो, आवडीने पाहतो.

मी समीक्षक नाही. कॅमेरा कुठून लावला आणि संकलन कसे केले, यातले मला कळत नाही. पण माणूस काम करताना कसा दिसतो, हे कळते. पडद्यावरच्या स्टेशनमास्तरने फोन कसा उचलला, पोस्टमनने पिशवी कोणत्या खांद्यावर घेतली, यावरून दाखवणाऱ्याने आपले काम जवळून पाहिले आहे की नाही, हे आपल्याला लगेच ओळखू येते. तेवढ्याच अधिकाराने हे चार शब्द लिहितो आहे.

माझी तक्रार साधी आहे. पडद्याला आपली आठवण दोनच वेळा येते. एक गाणे म्हणायला आणि दुसरी आग विझवायला. या दोहोंच्या मधली जी रोजची ड्यूटी, जिच्यात आपले तीस-पस्तीस वर्षांचे आयुष्य जाते, ती पडद्यावर फार क्वचित दिसते.

उदाहरणे सर्वांच्या पाहण्यातली आहेत. ‘पलकों की छांव में’ (१९७७) मध्ये राजेश खन्ना पोस्टमन झाला. लोकांच्या लक्षात राहिले ते गाणे. ‘द बर्निंग ट्रेन’ (१९८०) मध्ये गाडी पेटली आणि नायकांना काम मिळाले. ‘कुली’ (१९८३) मध्ये अमिताभ बच्चनच्या दंडावर बिल्ला आला. तो बिल्ला गाजला. पण बिल्लेवाल्या हमालाला आजारपणात रजा मिळते का, म्हातारपणी काय मिळते, हे किती प्रेक्षकांनी विचारले? हे सिनेमे वाईट नाहीत. मी स्वतः ते पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. फक्त ते आपल्याविषयीचे आहेत, असा गैरसमज नको.

अपवादही आहेत, आणि ते आवर्जून पाहावेत असे आहेत. दूरदर्शनवर १९८६-८७ मध्ये शंकर नाग यांनी ‘मालगुडी डेज’ दाखवली. आर. के. नारायण यांच्या कथांवरच्या या मालिकेत थानप्पा नावाचा एक पोस्टमन आहे. एका घरी मुलीचे लग्न ठरलेले असते आणि त्याच घरासाठी वाईट बातमीचे टपाल येते. लग्न मोडू नये म्हणून तो ते दाबून ठेवतो आणि लग्नानंतर स्वतःच जाऊन सांगतो. हा अपराध आहे, यात नोकरी जाऊ शकते, हे त्याला पुरते ठाऊक असते. नियम आणि माणुसकी यांच्या कात्रीत सापडलेला पोस्टमन इतका खरा दुसरीकडे मी पाहिलेला नाही. त्याने केले ते बरोबर की चूक, यावर कोणत्याही पोस्टात आजसुद्धा तासभर वाद होईल.

दुसरा अपवाद अवतार कृष्ण कौल यांचा ‘२७ डाऊन’ (१९७४). मुंबईहून वाराणसीला जाणाऱ्या गाडीवरून हे नाव पडले. इंजिन ड्रायव्हर असलेले वडील अपघातात जायबंदी होतात आणि चित्रकला शिकणाऱ्या मुलाला त्यांच्या सांगण्यावरून रेल्वेत तिकीट तपासनीस व्हावे लागते. एम. के. रैना आणि राखी यांच्या भूमिका असलेला हा कृष्णधवल सिनेमा खऱ्या गाड्यांत आणि खऱ्या स्थानकांवर टिपलेला आहे. बापाच्या शब्दाखातर लागलेली नोकरी आणि तिच्यात हळूहळू मुरत गेलेला माणूस आपल्या प्रत्येक रेल्वे कॉलनीत एक तरी सापडेल. सिनेमा संथ आहे. पण आपली ड्यूटी तरी कुठे धावती असते?

त्याच १९७४ सालच्या मे महिन्यात, ८ ते २७ मे या वीस दिवसांत, सुमारे सतरा लाख रेल्वे कामगारांनी संप केला. हजारो तुरुंगात गेले, कित्येकांच्या घरातले सामान क्वार्टरबाहेर फेकले गेले. एवढ्या मोठ्या घटनेवर एकही मोठा हिंदी सिनेमा माझ्या पाहण्यात नाही. पेटत्या गाडीवर सिनेमा निघतो. थांबलेल्या गाडीवर निघत नाही.

अलीकडची गोष्ट घेऊ. नोव्हेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘द रेल्वे मेन’ ही चार भागांची मालिका आली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला, त्या रात्री स्टेशनवर काय घडले, याचे हे चित्रण आहे. के. के. मेनन यांचा स्टेशनमास्तर पाहून अभिमानाने छाती भरून येते. भोपाळ तेव्हा आपल्या मध्य रेल्वेत होते, मुख्यालय मुंबईला. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या रात्रीच्या आठवणी अजून निघतात.

मालिकेला आधार असलेली हकीकत खरी आहे. उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी गोरखपूर एक्स्प्रेस वेळेआधी आणि वरच्या परवानगीची वाट न पाहता रवाना केली. गाडीभर माणसे वाचली. आजूबाजूच्या स्टेशनांना त्यांनी सावध केले आणि स्वतः जागेवर राहिले. त्या रात्री त्यांचे सहकारी कामावर असताना मरण पावले. दस्तगीर वाचले, पण वायूने पोखरलेले शरीर घेऊन दवाखान्यांच्या वाऱ्या करत राहिले आणि २००३ मध्ये गेले. माझा प्रश्न या पुढच्या एकोणीस वर्षांचा आहे. रात्र संपते आणि मालिकाही जवळपास तिथेच थांबते. आजारपणाची रजा, दवाखान्याची बिले, नुकसानभरपाईचे कागद यांत नाट्य नाही, असे निर्मात्यांना वाटत असावे. आपल्याला मात्र ठाऊक आहे की, कामगाराच्या घरातले खरे नाट्य तिथूनच सुरू होते. शौर्य एका रात्रीचे असते, किंमत आयुष्यभर मोजावी लागते.

तर मग रोजच्या कामावरचा सिनेमा पाहण्यासारखा होऊ शकतो का? होऊ शकतो. केन लोच या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘द नॅव्हिगेटर्स’ (२००१) पाहा. ब्रिटिश रेल्वेचे तुकडे करून ती खाजगी कंपन्यांना विकली, त्या काळातल्या यॉर्कशायरमधल्या एका गँगची ही गोष्ट आहे. रूळ तेच, माणसे तीच. फक्त एका सकाळी कळते की मालक बदलला. मग सुरक्षेचे नियम कागदावर राहतात, कायम कामगार एजन्सीकडे रोजंदारीवर जातात आणि कालचे सोबती एकमेकांचे स्पर्धक होतात. शेवटी रात्रीच्या कामात पहारा ठेवायला लुकआऊटवाला नसतो आणि एका सोबत्याला गाडीची धडक बसते. पुढचे काम जाऊ नये म्हणून बाकीचे त्याला उचलून रस्त्यावर नेतात आणि मोटारीने उडवले, असे सांगतात. हे दृश्य पाहून कोणत्याही गँगमनला झोप लागणार नाही. पटकथा लिहिणारे रॉब डॉबर स्वतः रेल्वे कामगार होते. कामावर छातीत गेलेल्या ॲस्बेस्टॉसमुळे त्यांना कर्करोग झाला आणि २००१ मध्येच ते वारले. म्हणूनच त्यात एकही खोटा शब्द नाही.

आता टपाल खात्यातल्या बंधू-भगिनींनी विशेष लक्ष द्यावे, अशी एक मालिका सांगतो. ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’. जानेवारी २०२४ च्या पहिल्या चार रात्री ती ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर दाखवली गेली. तिच्यात मारामारी नाही, आग नाही, गाणे नाही. आहे ते फक्त संध्याकाळचा हिशेब जुळत नाही, एवढेच.

ब्रिटनमध्ये छोट्या पोस्टांचे पोस्टमास्तर कंत्राटावर असतात. १९९९ पासून त्यांना फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही संगणक प्रणाली दिली गेली. ती नसलेली तूट दाखवू लागली. हेल्पलाइनला फोन केला की उत्तर मिळे, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच. करारात लिहिलेले होते की तूट पोस्टमास्तरनेच भरायची. कुणी घर गहाण टाकले, कुणी म्हाताऱ्या आईबापांची पुंजी घातली. मालिकेत जो हॅमिल्टन या खेडेगावातल्या बाई हेल्पलाइनवर सांगतील तशी बटणे दाबतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट होते. ते पाहताना आपलाही हात थरथरतो. ली कॅसल्टन यांनी सुमारे पंचवीस हजार पौंडांच्या तुटीवरून कोर्टात उत्तर दिले, तर वर तीन लाखांहून अधिक पौंडांचा खर्च त्यांच्यावर बसला आणि त्यांचे दिवाळे निघाले. सुमारे पंधरा वर्षांत नऊशेहून अधिक लोक चोर ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला.

अॅलन बेट्स यांनी २००९ मध्ये एका गावच्या सभागृहात अशा लोकांना बोलावले. प्रत्येकाला वाटत होते आपण एकटे. खोलीत आल्यावर कळले की आपण पुष्कळ आहोत. संघटना म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही. पुढे ५५५ जणांनी दावा लावला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचा निकाल दिला. आणखी एक कडू गोष्ट लपवू नये. पोस्टमास्तरांची जी जुनी मान्यताप्राप्त संघटना होती, ती या लोकांच्या पाठीशी उभी राहिली नाही. तिला पैसा पोस्ट ऑफिसकडूनच मिळत होता आणि ती स्वतंत्र नाही, असे न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटले. सभासदाच्या वर्गणीवर चालणारी संघटना आणि मालकाच्या पैशावर चालणारी संघटना यांतला फरक इथे उघडा पडतो.

निकाल लागूनही बहुतेकांवरचा डाग तसाच राहिला होता. मग मालिका आली. लाखो लोकांनी आपापल्या घरात बसून ती पाहिली आणि ते संतापले. शेवटच्या भागानंतर आठवडाभरात पंतप्रधानांनी कायदा करण्याची घोषणा केली आणि मे २०२४ मध्ये त्या शिक्षा रद्द करणारा कायदा झाला. वीस वर्षांची लढाई लोकांनी लढली होती, मालिकेने नव्हे, हे विसरू नये. पण चार रात्रींनी तिला शेवटचा धक्का दिला, हेही खरे.

ही गोष्ट परक्या देशातली असली तरी प्रश्न परका नाही. आपल्या शाखा डाकघरांतले ग्रामीण डाक सेवकही पूर्ण सरकारी नोकर मानले जात नाहीत; त्यांच्याही हातात यंत्र आहे आणि नेटवर्क असेल-नसेल तरी हिशेब त्यांनाच जुळवायचा आहे. शॉर्टेज निघाले की पहिला शब्द ऐकू येतो तो वसुलीचा. रेल्वेतही वेगळे नाही. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीने मागून धडक दिली, तेव्हा त्याच दिवशी रेल्वे बोर्डाकडून दोष मालगाडीच्या मृत ड्रायव्हरवर टाकला गेला. नंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत स्वयंचलित सिग्नल बिघडल्यावर गाड्या चालवण्याच्या व्यवस्थेतले आणि कर्मचाऱ्यांना दिलेल्या समजुतीतले दोष पुढे आले. यंत्र आणि माणूस यांचे म्हणणे जुळले नाही, तर आधी खोटा माणूस ठरतो. संगणक आम्हाला नको असे कुणी म्हणत नाही. पण त्याची नोंद हा पुरावा असेल, तर तो तपासण्याचा हक्क कामगारालाही हवा.

म्हणून घरी काही पाहायला बसलात तर जरूर पाहा, हसा, रडा. फक्त एक प्रश्न सोबत ठेवा: यातला माणूस पोट कशावर भरतो, आणि ते काम यात दिसते का? मुलांनाही विचारू द्या. आई किंवा बाप नेमके काय काम करतो, हे न कळताच मोठी झालेली मुले आपल्या कॉलन्यांत कमी नाहीत.

शाखांनाही एक सूचना आहे. वार्षिक मेळाव्यात एक संध्याकाळ अशा एखाद्या सिनेमासाठी ठेवावी आणि पाहून झाल्यावर तासभर चर्चा करावी. दुसरे म्हणजे, निवृत्त होणाऱ्या प्रत्येक सोबत्याकडून त्याच्या नोकरीतल्या चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणती चार्जशीट कशावरून आली, कोणती वसुली कशी परतवली, १९७४ ला घरात चूल कशी पेटली. रॉब डॉबर यांनी लिहिले म्हणून ‘नॅव्हिगेटर्स’ झाला. बेट्स यांनी कागद जपून ठेवले म्हणून मालिका झाली. आपली ड्यूटी पडद्यावर यायची असेल, तर ती आधी आपल्या वहीत उतरली पाहिजे.