अंतर नकाशावर, तास अंगावर

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात, परतताना त्याहून कमी. कारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे झोत वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना विमानाला मागून रेटतात.

सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर ही वाट अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. गोल पृथ्वीवर मात्र सर्वांत जवळची वाट उत्तरेला वळते आणि रशिया, नॉर्वे, आइसलँडच्या बाजूने जाते. ती मोकळी असेलच असेही नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो प्रवास सुमारे साडेनऊ तासांवरून १३ तासांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांचेही तास वाढले.

हे वाढीव तास शरीराला भरावे लागतात. विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे प्रवासी १६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षाही उंच जागी बसलेला असतो. हवेतील आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहून कमी. त्यात पाय तासन्‌तास लोंबकळत राहिले, की पोटरीच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका दुप्पट-तिप्पट होतो. निरोगी माणसाच्या बाबतीत तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गर्भवती, स्थूल व्यक्ती किंवा पूर्वी गुठळी झालेले यांच्यासाठी हिशेब वेगळा.

आणखी एक विसंगती आहे. परतीचा प्रवास वेळेने कमी, पण झोपेचे घड्याळ पूर्वेकडे येताना सहसा जास्त बिघडते. दोन शहरांच्या वेळांत साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक. शरीर जुळवून घेते ते ढोबळमानाने दिवसाला एक तास.

आज महाराष्ट्रातील असंख्य आई-वडील मुला-नातवंडांना भेटायला हा पल्ला गाठतात. तिकिटाची किंमत आणि सामानाचे वजन यांची चौकशी घरोघरी होते, प्रकृतीची क्वचितच. तिकीट काढतानाच विमान कंपन्यांनी आणि एजंटांनी आरोग्याची माहिती सोप्या मराठीत हाती द्यायला हवी. धोका असलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. दाब देणारे मोजे किंवा औषध लागेल का, इन्सुलिनच्या वेळा कशा बदलायच्या, हे विचारावे. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा झोपेची गोळी घेऊ नये. रोजची औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत. शक्यतो कडेची, मार्गिकेलगतची जागा घ्यावी, अधूनमधून उठावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी प्यावे. परतल्यावर एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखली किंवा अचानक धाप लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नये. लगेच रुग्णालय गाठावे.

किती किलोमीटर जायचे हे पायलट पाहील. किती तास बसायचे आणि त्याची तयारी काय, हे आपणच पाहायचे.