अंबाडीच्या बोंडांचा चहा

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें शहरांत नोकरीस आहेत त्यांच्या घरीं अलीकडे 'हिबिस्कस चहा' या नांवाचें एखादें देखणें पुडकें येऊन पडतें. त्यावर पुष्कळदां जास्वंदीचें चित्र असतें, म्हणून तो जास्वंदीचा चहा असा समज पसरला आहे. पुडक्यांतील जिन्नस बहुधा जास्वंद नसून लाल अंबाडी असते. जी वस्तु आपल्या बांधावर पिकून पायदळीं जाते तीच दाम मोजून घरांत यावी, हें पाहून आम्हांस हंसूं आलें आणि वाईटहि वाटलें.

वास्तविक तें फूलहि नव्हे. अंबाडीचें फिकट पिवळें, मध्यभागीं गडद तांबडें फूल एक दिवस उमलतें व सुकून जातें. त्याखालचा पुष्पकोश मात्र पुढें वाढूं लागतो आणि मांसल, आंबट व लालभडक होऊन बोंडाला वेढून राहतो. चहा होतो तो या कोशाचा. येथें एक खुलासा अवश्य आहे. आपण अंबाडी म्हणतों त्या दोन निरनिराळ्या वनस्पती आहेत. एकीच्या बोंडावर रसाळ कोश येतच नाहीं, ती वाखाची. दुसरी लाल अंबाडी. तिच्यांतहि उंच, न फांदणारी जात वाखासाठींच चांगली. फांद्या पसरणारी व जाड कोशाची जात असेल तीच या कामाची. बीं घेतांना ही पारख केली नाहीं तर वर्ष फुकट जाईल.

सुदान व ईजिप्त या देशांत हें पेय 'कर्कदे' नांवानें घरोघर चालतें, सेनेगालमध्यें त्यास 'बिसाप' म्हणतात. सुदानच्या कोर्दोफान प्रांतांत हें पीक पावसाच्या पाण्यावर निघतें. त्यांची जमीन आमच्या हलक्या माळापेक्षां फार सुपीक आहे असें नाहीं. त्यांनीं कोश टाकून दिला नाहीं, एवढाच काय तो भेद.

आतां गुणांविषयीं. पुडक्यावर वाटेल तें छापलेलें असतें. आम्ही जें मानतों तें इतकेंच, कीं रक्तदाब थोडा उतरण्यास या चहाचा उपयोग होतो असें दिसतें. 2010 सालीं बॉस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं 65 माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज तीन पेले, असे सहा आठवडे चहा घेणारांचा वरचा दाब सरासरीनें सुमारें 7 अंशांनीं उतरला. रंगवासापुरतें तसेंच दुसरें पेय घेणारांचा सुमारें 1 अंश. परंतु तीं माणसें दाबाचें औषध घेणारीं नव्हतीं व त्यांचा दाबहि फार चढलेला नव्हता. पुढें 2021 सालीं कॉक्रेन या संस्थेनें अशा प्रयोगांची छाननी केली, तेव्हां निश्चित मत देण्याइतका पुरावा तिला मिळाला नाहीं. म्हणून डॉक्टरनें दिलेली गोळी बंद करून कोणी अंबाडीवर विसंबूं लागला तर त्यास आम्ही शहाणा म्हणणार नाहीं. दाब चढल्याचें माणसाला बहुधा कळतहि नाहीं. दाबाचें औषध चालूं असल्यास चहा सुरू करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. गर्भवती स्त्रियांनीं तो घेऊं नये.

तरीहि गुणाची एक बाजू निर्विवाद आहे, व ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. या पेयांत कॅफीन नाहीं आणि दूध लागत नाहीं. दूध घालूंच नये, घातल्यास आंबटपणानें तें नासेल. दिवसांतून पांच वेळां साखरेचा चहा पिणाऱ्यानें त्यांतील दोन वेळां हा घेतला तरी कांहीं साखर वांचेल. मात्र याच्यांतहि मूठभर साखर लोटली तर सगळेंच व्यर्थ. वरील प्रयोगांत एका पेल्यास सुमारें सव्वा ग्रॅम वाळका कोश घेतला होता. कढत पाण्यांत टाकून पांचसहा मिनिटें झांकून ठेवावा व गाळून घ्यावा. भांडें स्टीलचें, कांचेचें किंवा चिनी मातीचें असावें. ॲल्युमिनियमचें अथवा कल्हई उडालेलें पितळी पातेलें वापरूं नये, कारण या आंबट रसांत धातु उतरतो.

पांच माणसांच्या घरीं प्रत्येकीं रोज एक पेला धरला तर वर्षास सव्वादोन किलोच्या आसपास वाळका माल लागतो. ओले कोश वाळून एक दशांशाच्या सुमारास उरतात; म्हणजे तेवीस किलोंच्या आंतबाहेर ओला माल झाला. त्यास बांधाच्या ओळी पुरतात, शेत अडवावें लागत नाहीं. आणि शेत अडवूं नये असेंच आमचें मत आहे. एकरभर अंबाडी लावा, माल आम्ही उचलूं, असें सांगत बीं विकणारा आला तर त्याच्याकडून खरेदीचा भाव व तारीख आधीं लेखी घ्यावी. लिहून देण्यास तो कांकूं करूं लागला कीं बियांचे पैसे वांचले म्हणून समजावें.

पेरणी मृगाच्या पावसावर करावी. दिवस लहान होऊं लागले म्हणजे झाड फुलावर येतें. फूल गळून तीनएक आठवडे झाले, कोश जाड व रसाळ आहे आणि आंतील बोंड अजून हिरवें आहे, असें पाहून तोडणी करावी. उशीर झाल्यास कोश चिवट होतो. त्याच दिवशीं धारदार तोंडाच्या लहान नळीनें आंतील बोंड ढकलून काढावें व कोश स्वच्छ कापडावर सावलीच्या, वारा खेळता राहील अशा जागीं पातळ पसरावे. ते हातांत कुरकुरीत मोडेपर्यंत डब्यांत भरूं नयेत, नाहींतर बुरशी धरते. उत्तम कोशाचीं चारपांच झाडें मात्र मुळींच तोडूं नयेत. त्यांचीं बोंडें झाडावरच वाळूं द्यावीं, म्हणजे पुढील सालचें बीं घरचें होईल.