जमीन परत मिळाली, दर्या राहून गेला



आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींचं युग आलं, त्यात नॉर्वे देशाचा मोठा वाटा होता. 1952 साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांचा करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथे काम सुरू झालं. पुढे ट्रॉलर वाढले, आणि सत्तरच्या दशकात आपल्या रापणकारांना रस्त्यावर उतरावं लागलं. म्हणून नॉर्वेच्याच उत्तर टोकाला लहान होडीवाल्यांचं काय झालं, ते आपण वाचलं पाहिजे असं आम्हाला वाटतं.

त्या टोकाला फिनमार्क नावाचा प्रांत आहे. तिथले मूळ रहिवासी म्हणजे सामी लोक. सामी म्हटलं की रेनडिअरचे कळप हाकणारी माणसं डोळ्यांसमोर येतात, पण रेनडिअर पाळणारे सामी थोडेच. फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या खाड्यांच्या काठी राहणारे समुद्री सामी लहान होडी, थोडी शेती, दोन-चार मेंढ्या यांवर जगत आले. 1902 च्या जमीन कायद्याखालच्या नियमांनी तिथली सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन बोलता, लिहिता, वाचता आलं पाहिजे अशी अट घातली. घरात सामी बोलणाऱ्याने बापजाद्यांच्या जमिनीसाठी आधी भाषा सोडायची! सीमाभागातल्या आपल्या वाचकांना यावर वेगळं काही सांगायला नको. पुढे 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने फिनमार्क जाळत नेलं. घरं गेली, होड्याही गेल्या.

हक्काची गोष्ट ऐरणीवर आली ती आल्टा नदीवरच्या धरणामुळे. 1979 साली सामी तरुण ऑस्लोला संसदेसमोर उपोषणाला बसले. धरण शेवटी झालंच. पण त्या लढ्यातून सामी हक्कांसाठी समिती नेमली गेली, 1989 मध्ये सामींची स्वतःची संसद उघडली आणि 2005 मध्ये फिनमार्क कायदा आला. प्रांताची सुमारे 95 टक्के जमीन राज्याच्या नावावर होती. ती 2006 च्या जुलैत एका स्वतंत्र संस्थेकडे गेली. तिच्या मंडळावर तीन माणसं सामी संसदेची, तीन प्रांताच्या परिषदेची. दीर्घकाळच्या वापराने सामींनी जमिनीवर हक्क मिळवले आहेत, असं कायद्यातच लिहिलं. कागदाचा उतारा नसला तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर हाच पुरावा! ही मोठी गोष्ट आहे, आणि आम्ही ती कमी लेखत नाही.

पण हा कायदा किनाऱ्यापाशी थांबला. खाऱ्या पाण्यातली मासेमारी त्यातून वगळली.

आणि पोट तर पाण्यावर होतं. ऐंशीच्या दशकात बॅरेंट्स समुद्रातली कॅपेलिन ही बारीक मासळी संपत आली. भुकेले सील हजारोंनी फ्योर्डांत शिरले आणि लहान होडीवाल्यांची जाळी वर्षं-दोन वर्षं रिकामी राहिली. त्यातच कॉड मासा कमी झाला म्हणून सरकारने 1990 पासून बोटीगणिक कोटा ठरवला. कोटा कुणाला? ज्याने आधीच्या तीन वर्षांत ठरावीक कॉड धरल्याचं दाखवलं त्याला! म्हणजे ज्यांची वर्षं सीलांनी खाल्ली, तेच बाहेर पडले. मासळी संपवली कुणी आणि दंड भरला कुणी? कुणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. नियम कार्यालयात बसून लिहिला, आणि फ्योर्डातल्या होडीचा हिशेब त्या कागदात मावला नाही.

आरडाओरड झाल्यावर पुन्हा समिती बसली. माजी सरन्यायाधीश कार्स्टन स्मिथ तिचे अध्यक्ष. 2008 मध्ये समितीने स्पष्ट सांगितलं की फिनमार्कच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना, सामी असोत वा इतर, ऐतिहासिक वापरामुळे समोरच्या समुद्रात मासेमारीचा हक्क आहे. सरकारने तो जसाच्या तसा मानला नाही. 2012 मध्ये तडजोड झाली: 11 मीटरपेक्षा लहान होड्यांना खुल्या गटात मासेमारीची हमी, थोडा जादा कोटा, आणि फ्योर्डांसाठी सल्ला देणारं एक मंडळ. होडीवाल्याला याचा उपयोग झाला असेल, नाही कशाला म्हणा. तरी आमचं मत असं की ही सवलत आहे. सवलत देणारा उद्या ती काढू शकतो. हक्काला तसा हात लावता येत नाही.

जमिनीवरचं प्रकरणही संपलेलं नाही. काराशोक गावाच्या हद्दीतली जमीन गावकऱ्यांची सामूहिक मालकीची, असा निकाल विशेष न्यायालयाने 2023 मध्ये दिला. 2024 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

आता आपल्याकडे बघा. रापणकारांच्या लढ्यानंतर 1980 चा गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला आणि किनाऱ्यालगतचे 5 किलोमीटर पारंपरिक होड्यांसाठी राखले गेले. ते पाणी सरकारच्या आदेशाने राखलेलं आहे, आपल्या मालकीचं म्हणून नव्हे. 2006 च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांच्या सामूहिक हक्कांत पाणवठ्यांवरची मासळीसुद्धा धरली. दर्यावर जगणाऱ्यांसाठी तसा देशव्यापी कायदा अजून नाही. किनारी नियमनाच्या 2011 च्या अधिसूचनेत मच्छीमारांच्या वस्त्या, मासळी सुकवण्याच्या जागा, सामाईक जागा नकाशावर दाखवायच्या, एवढं आलं. पण दाखवणार कोण? सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला उन्हात मोकळी वाळू दिसते. पहाटे तिथे रापण ओढली जाते हे त्याला कोण सांगणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक वाड्याने आपल्या रापणीची जागा, होड्या ओढायची वाट, जाळी आणि मासळी सुकवायची पुळण आणि खाडीतल्या खुट्यांच्या जागा तारीख घालून लिहून काढाव्यात. वडीलधाऱ्यांकडून जुनी नावं विचारून घ्यावीत आणि ग्रामसभेत ठराव करून त्याची पोच घ्यावी. ज्या वर्षी मासळी लागली नाही ते वर्षसुद्धा कारणासकट लिहा. फ्योर्डवाल्यांना नेमका त्याच वर्षांचा जाब द्यावा लागला होता.